उजवीकडचा पंख

डेट्रॉइटच्या त्या कारखान्यात नवी मोटार आधी मातीची व्हायची, आणि तीही सुरुवातीला अर्धीच. लाकडी सांगाड्याच्या डाव्या अंगाला भट्टीत ऊन केलेली तपकिरी माती थापायची, मधोमध मोठा आरसा उभा करायचा, की गाडी पुरी दिसते. त्या वर्षी सगळ्या अमेरिकेला गाडीच्या मागच्या पंखांचं वेड लागलं होतं. ज्या गाडीचे पंख उंच, ती खपायची.

लुडविकचा जोडीदार एमेट वसंतात वारला. डावी बाजू लुडविकची, उजवी एमेटची, ही त्यांची आयुष्यभराची वाटणी. एकट्या लुडविकला पंख काही साधेना. साठीला टेकलेला माणूस. ही नोकरी गेली तर दुसरीकडे कोण उभं करणार?

दुपारी प्रेस्कॉट साहेब डोकावले. त्यांची नजर थेट आरशात.

"वा! उजवा पंख झकास उतरलाय. मग डावाच असा मेंगळट का रे?"

"साहेब, उजवीकडे तर..."

"तर-बिर काही नको! डावा तसाच कर. आणि आरसा काढ, उजवी बाजूही मातीत घे. सकाळी मोठ्या साहेबांना पुरी गाडी दाखवायचीय. नाहीतर उद्यापासून घरी बस."

साहेब गेले. लुडविकने आरशात पाहिलं. चेहरा त्याचाच, हातातली माती खरवडायची पातीही त्याचीच. पण पंख... डाव्यापेक्षा दोन बोटं उंच होता, आणि टोकाला मागे कललेला. असा बाक फक्त एमेटच्या हाताला यायचा.

त्याला भीती नाही वाटली.

"मेल्यावरही माझ्या पुढेच का रे?" तो पुटपुटला.

आरशात बघत तो माती चढवत, खरवडत राहिला. खोलीत मातीतल्या गंधकाचा वास दाटला होता. बाहेर बर्फ पडत होतं, त्यामुळे रस्त्याचाही आवाज नव्हता. फक्त पातीची खरखर. मध्येच तो थांबला. खरखर थांबायला जरा उशीर लागला...

दोन्ही पंख जुळले तेव्हा दिवे लागले होते. त्याने आरसा ढकलत बाजूला नेला. मागे नुसता उघडा लाकडी सांगाडा. त्याला हायसं वाटलं, आणि वाईटही. एवढी उजवी बाजू एका माणसाने सकाळपर्यंत कशी भरायची?

भट्टीतून ऊन मातीचा गोळा काढून तो गाडीच्या मागे आला. नजर आपल्या पंखावर, आणि न बघताच त्याने गोळा उजवीकडे पुढे केला. वर्षानुवर्षांची सवय ती. पलीकडून एमेट तो उचलून घ्यायचा.

हात हलका झाला.

गोळा खाली पडल्याचा आवाज आला नाही.

लुडविकने मान वळवली नाही. सकाळपर्यंत पंख व्हायला हवा होता. तो दुसरा गोळा आणायला भट्टीकडे गेला.