गोल्डब्रिक

मंगळवारच्या क्लिनिकला निम्म्या बर्मिंगहॅमची पाठ दुखते, असं डॉक्टर शशिधर म्हणत असे. त्यातल्या खऱ्या किती आणि रजेपुरत्या दुखणाऱ्या किती, हे पेशंट दारातून आत येतानाच आपल्याला कळतं असा त्याला भरवसा होता. रजावाल्यांसाठी त्याच्याकडे एक शब्द होता, एका अमेरिकन सीनिअरकडून उचललेला: गोल्डब्रिक. पितळेच्या विटेला सोन्याचा मुलामा देऊन ती भोळ्या माणसाच्या गळ्यात मारायची, तीच ही वीट. पुढे तिकडच्या फौजेत दुखण्याचं सोंग करून ड्यूटी चुकवणाऱ्याला हीच शिवी पडली. बर्मिंगहॅममध्ये ती कुणाला कळत नसे, त्यामुळे पेशंटच्या तोंडावरही खुशाल देता येई.

१९८६च्या नोव्हेंबरात प्रॅटली नावाचा बस ड्रायव्हर तिसऱ्यांदा आला. पाठच. शशिधरने मणके दाबले, एक्स-रे उजेडावर धरला आणि शेजारच्या स्टुडंटला म्हणाला, "गोल्डब्रिक." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पोट तपासायचं राहिलं होतं. पण प्रॅटलीने शर्टाची बटणं लावलेली होती आणि बाहेर बरेच लोक खोळंबले होते.

"शब्द नवीन दिसतोय, डॉक्टर. अर्थ काय?" प्रॅटलीने विचारलं.

"कणखर माणूस," शशिधर म्हणाला.

प्रॅटली चक्क लाजला. थँक यू म्हणून गेला तो परत आलाच नाही. एकोणीस दिवसांनी डेपोत त्याने स्टिअरिंगवर मान टाकली. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटली होती. पोटाला हात लावला असता तर ती बोटांना लागली असती. हे शशिधरने कुणालाच सांगितलं नाही, बायकोला, सुमेधालाही नाही. तो शब्दही पुन्हा उच्चारला नाही.

पुढच्या वर्षी पाठ धरून आलेली एक म्हातारी उठता उठता हसून म्हणाली, "राहू दे डॉक्टर. मी गोल्डब्रिक आहे. कणखर."

शशिधरने तिला परत बसवलं, त्याच दिवशी स्कॅन करवला. तसाच फुगवटा, न फुटलेला. मग एक पोस्टमन आला, मग एक शाळामास्तर. नऊ वर्षांत सात जण, सातही वाचले. हा शब्द ऐकला कुठे, असं तो विचारी, आणि उत्तर एकच येई: येताना बसमध्ये, ड्रायव्हर म्हणाला. बर्मिंगहॅममध्ये बसने कोण येत नाही, अशी तो स्वतःची समजूत घाली. चोराच्या मनात चांदणं. शेवटी त्याने विचारणंच सोडलं.

१९९५च्या मे महिन्यातला रविवार होता, सकाळची वेळ. सुमेधा पोह्यांसाठी कांदे चिरत होती. एक हात कमरेवर होता.

"दोन आठवडे झाले हो, पाठ काही थांबत नाही."

"अगं, परवा कपाट ओढलंस ना? मसल असेल." त्याने पेपरातून मान वर केली नाही.

"असेल बाई. गोल्डब्रिकच आहे मी."

पेपर खाली आला.

"कोण म्हणालं तुला?"

"काल अकरा नंबरच्या बसला. चढताना मी पाठ धरली, तर ड्रायव्हर म्हणाला. वयस्कर होता, पोलाइट. मी अर्थ विचारला."

"कणखर," शशिधर म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

"छे हो. दुखण्याचं सोंग करणारा. म्हणाला, माझ्या डॉक्टरने वेगळाच सांगितला होता. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन डिक्शनरीत बघितला. म्हणून परत गेलो नाही."

नऊ वर्षं शशिधरला एवढाच काय तो आधार होता, की प्रॅटली गेला तो खुशीत गेला.

त्याने गॅस बंद केला.

"सुमेधा, सोफ्यावर आडवी हो जरा."

"अहो, कांदे..."

"हो आडवी."

ती झाली. त्याने तिच्या पोटावर हात ठेवला. ती छताकडे बघत होती.

"तोही हेच म्हणाला," ती म्हणाली. "घरी सांगा, म्हणाला, आधी पोटाला हात लावून बघा."

त्याच्या बोटांखाली काहीतरी ठोक्याठोक्याला वर येत होतं.