मागच्या चाकांचे दहा नट

"आत्या, चाकांबद्दल तू तरी बोलू नकोस," क्लारी रविवारच्या जेवणाच्या टेबलावर म्हणाली.

एटेलच्या हातातला डाव कोंबडीच्या लालभडक रश्श्यावर तसाच थांबला. तिनं विचारलं होतं ते इतकंच, की क्लारीच्या गाडीसाठी आलेल्या नव्या रिम किती रुंद आहेत... समोर बसलेल्या भावानं, लास्लोनं, मान खाली घालून पाव मोडला. भावजय व्हिल्मा उगाचच मिठाची बाटली इकडची तिकडे करू लागली. आपलं बोलणं जास्त लागलं हे तेवीस वर्षांच्या त्या पोरीच्याही लक्षात आलं असावं, पण मागं हटणं तिच्या रक्तात नव्हतं.

"खोटं आहे का? सगळ्या टोलेडोला माहीत आहे. मागच्या आसातलं क्राऊन-पिनियन बसवावं तर एटेल बेर्तोकनं, पण चाकं निवडायला तिला सांगू नये."

एटेलनं डाव भांड्यात सोडला, रुमालाला हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "रिम किती रुंद आहेत, लास्लो?"

"दहा इंच," लास्लो पुटपुटला. "टायर अठ्ठावीस इंची उंच. मी मोजलंय सगळं. शनिवारी जुन्या गाड्यांचा दिवस आहे शर्यतीच्या पट्ट्यावर, फोटोवाले येणार आहेत. मागून गाडी कशी भरदार दिसायला हवी."

मी मोजलंय... हेच शब्द, हाच घोगरा आवाज तिनं तेवीस वर्षांपूर्वी ऐकला होता. तिच्या अंतःकरणात इतकी वर्षं गाडून ठेवलेली व्यथा उसळून वर आली, पण ती टेबलावरून उठून गेली.

एकाहत्तर साली एटेल अठ्ठावीस वर्षांची होती. वडिलांच्या मागं वर्कशॉप तिनं आणि लास्लोनं चालवलं. पाटीवर नाव लास्लोचं, गाडी पळवण्याची हौस लास्लोची. पण कुठल्या इंजिनामागं कुठला गिअर घालायचा, त्याला किती उंचीचा टायर द्यायचा, रिम आत किती आणि बाहेर किती बसली पाहिजे, हे सगळं एटेलच्या डोक्यात असायचं. तिचं लग्न ठरलं होतं देझ्योशी. देझ्यो हालमी, हसरा, उंच, आणि गाडी अशी हाकायचा की जणू ती त्याच्याच अंगाचा भाग आहे. त्या दिवशी लास्लोचा हात दुखावला होता म्हणून त्याची गाडी देझ्यो चालवणार होता. एटेल चर्चमधून पट्ट्यावर पोचेपर्यंत लास्लोनं तिनं निवडलेली चाकं उतरवून रुंद चाकं चढवली होती... दिसायला बरी म्हणून. तिला कुंपणापलीकडून ती चाकं दिसली आणि ती ओरडत धावली, पण तोवर गाडी सुटली होती. पाव मैल संपता संपता मडगार्डच्या कडेनं टायर चिरला आणि गाडी कलंडली. देझ्योचा डावा पाय घोट्यापासून गेला.

हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात आईनं तिचे दोन्ही हात धरले होते. "लास्लोचं नाव गेलं तर दुकान गेलं, पोरी. त्याच्या पदरात तीन महिन्यांचं लेकरू आहे. तुझ्यामागं कोण आहे?" तुझ्यामागं कोण आहे... ज्याच्यासाठी ती जगत होती तो भिंतीपलीकडच्या खाटेवर कण्हत पडला होता. तरीही तिनं शब्द दिला. पट्ट्याची माणसं चौकशीला आली तेव्हा ती म्हणाली, "चाकं मी निवडली." तिला पट्ट्यावर कायमची बंदी झाली. देझ्योला भेटायला गेली तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं, ते फिरवलंच. आणि ते तीन महिन्यांचं लेकरू तिच्या कडेवर वाढलं, तिच्या हातचं जेवलं, पाना धरायला तिच्याकडूनच शिकलं. तीच ही क्लारी.

एटेलनं त्या त्यागाचा कधी हिशेब मागितला नव्हता. पण आज प्रश्न तिच्या नावाचा उरला नव्हता. त्याच चुकीवर आता क्लारी बसणार होती.

सोमवारी सकाळी लास्लो वर्कशॉपमध्ये आला तेव्हा क्लारीची अडुसष्टची प्लिमथ लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेली होती आणि नवी मागची चाकं भिंतीला टेकवलेली होती. एटेल बाकावर बसून पिनियनचे दात तपासत होती. ती हलली की तिच्या ॲप्रनच्या खिशात काहीतरी खुळखुळत होतं.

"नट कुठायत?" लास्लोनं विचारलं.

"माझ्याकडे. दहाच्या दहा."

"दे इकडे."

"नाही देणार."

क्लारी तणतणत पुढं आली. "आत्या, हा काय पोरखेळ आहे? मी दुकानातून दुसरे आणीन."

"आण की. डाव्या बाजूचे उलट्या आट्यांचे लागतात, ते शोधण्यात तुझा बुधवार जाईल. गुरुवारी तू चढवशील आणि मी पुन्हा काढीन. शुक्रवारीही काढीन. पट्ट्यावर मला बंदी आहे, इथं नाही."

"दुकान माझं आहे, एटेल," लास्लो म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"दुकान तुझंच राहू दे. पोरगी माझीही आहे."

दुपारपर्यंत नट खिशातच राहिले. शेवटी क्लारीलाच राहवेना. ती बाकाशी येऊन उभी राहिली. "बरं, सांग तरी. काय वाईट आहे त्या चाकांत?"

एटेलनं पिनियन खाली ठेवलं. "मी तुला सव्वीस इंची टायरवर तीन-एक्क्याण्णवचा गिअर दिलाय. म्हणजे चाक एकदा फिरायला आतला दांडा जवळजवळ चार वेळा फिरतो, म्हणून गाडी सुटताना झेपावते. टायर अठ्ठावीस इंची केलास की तोच गिअर तीन-त्रेसष्टसारखा वागणार. गाडी सुटतानाच ढिम्म. पण ते मरू दे, हळू गेली तर हळू गेली. तो खडू घे आणि मडगार्डच्या आतल्या दुमडलेल्या कडेला जाड फास."

तिनं स्वतःच्या हातानं दोन्ही नवी चाकं चढवली, गाडी खाली उतरवली आणि शेजारच्या बेकरीतून तीन दांडगे भट्टीवाले बोलावून आणले. ते पिठानं माखलेले हसत हसत डिकीत बसले, तशी गाडीची मागची बाजू खचली. "गाडी जोरात सुटते तेव्हा मागं अशीच बसते," एटेल म्हणाली. "आता हातभर पुढं ढकल."

क्लारीनं खांदा लावून गाडी ढकलली. मग ती गुडघ्यावर बसली. टायरच्या बाहेरच्या अंगावर खडूची पांढरी रेघ उमटली होती, आणि त्या रेघेच्या मधोमध केसासारखी बारीक चीर. तिनं त्या चिरेवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ ते तिथंच ठेवलं.

भट्टीवाले गेले. एटेलनं गाडी पुन्हा घोड्यांवर चढवली आणि नट काढून खिशात टाकले. क्लारी उठली नाही. "आत्या," ती हळू म्हणाली, "हे तू कधी शिकलीस?"

"तुझ्या आजोबांकडून. पंधरा वर्षांची असताना."

"मग एकाहत्तर साली तुला हे ठाऊक होतं."

एटेलनं पिनियन पुन्हा हातात घेतलं.

"हे ठाऊक असणारं माणूस तशी चाकं चढवणार नाही." क्लारीनं वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "त्या दिवशी गाडीला चाकं कुणी लावली, आत्या?"

"मी तुझ्या आजीला शब्द दिलाय. मला विचारू नकोस."

"मी लावली."

लास्लो दारात उभा होता. त्यानं टोपी काढून दोन्ही हातांत चुरगळली होती. सत्तेचाळीस वर्षांचा, भरल्या अंगाचा तो माणूस बोलता बोलता वाकत गेला, आणि शेवटी टायरांच्या चळतीवरच बसला. "मी लावली, क्लारी. फोटोसाठी. ती कुंपणापासून ओरडत आली होती... मी ऐकलं होतं तिचं ओरडणं. मी हात वर केला असता तर गाडी थांबली असती. नाही केला. आणि मग हिनं सगळं आपल्या अंगावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. इतकी वर्षं मला वाटत राहिलं, उद्या सांगू. मग वाटायला लागलं की हिनंच लावली असतील... खोटं किती काळ बोललं की आपल्यालाच पटतं, कुणास ठाऊक."

क्लारी बापाकडे पाहत राहिली. मग ती उठली आणि एटेलच्या गळ्यात पडली. एटेलनं डोळ्यांतलं पाणी गालावर येऊ दिलं नाही.

"एटेल, मला क्षमा कर," लास्लो म्हणाला.

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. देझ्योला सांग."

"आता? इतक्या वर्षांनी?"

"आजच. मी बरोबर येते. तू सांगितल्याशिवाय हे नट खिशातून बाहेर निघणार नाहीत, शनिवार येवो की न येवो."

नदीपलीकडे देझ्यो हालमीचं किल्ल्या करून द्यायचं छोटं दुकान होतं. केस पांढरे झाले होते, उंची तेवढी राहिली होती. दोघांना दारात बघून त्यानं यंत्र बंद केलं आणि काउंटरला धरून उभा राहिला. लास्लोनं उभ्याउभ्याच सांगितलं, अडखळत, पण एकही गोष्ट न वगळता. देझ्यो ऐकत होता लास्लोचं, पण पाहत होता एटेलकडे.

"मला तरी सांगायचंस, एटेल," तो म्हणाला. "जगाला काहीही सांगितलं असतंस. मला तरी..."

एटेलनं हनुवटी वर केली. या एका वाक्याची तिनं अर्धं आयुष्य वाट पाहिली होती, आणि ते आल्यावर तिला कळलं की आपल्याजवळ त्याचं उत्तर तयार आहे.

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली. "माझे हात तुला माहीत होते, देझ्यो. तू चालवायचास त्या गाडीचा एकेक नट मी तीनतीनदा बघायची, तेही तुला माहीत होतं. लोकांनी सांगितलं आणि तू मानलंस. आईला शब्द मी दिला, तो माझा दोष, तो मी भोगला. पण तू एकदा जरी विचारलं असतंस, 'एटेल, हे खरं आहे का?', तर मी तो शब्द तिथल्या तिथं मोडला असता."

देझ्यो खाली बसला. त्यानं चेहरा हातांत झाकला. एटेल क्षणभर काउंटरपाशी थांबली. मग तिनं त्याच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला, तोही क्षणभरच, आणि बाहेर पडली. गाडीत बसल्यावर ती रडली. लास्लोनं समोर रस्त्यावर नजर ठेवून गाडी हळूहळू चालवली आणि तिला रडू दिलं.

शनिवारी प्लिमथ पट्ट्यावर उभी राहिली ती जुन्याच सव्वीस इंची टायरांवर. मागून अजिबात भरदार दिसत नव्हती. फोटोवाल्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फाटकावर अजूनही एकाहत्तर सालचाच म्हातारा होता, आणि त्याला बंदी आठवत होती. त्यानं एटेलला पाहून भुवया उंचावल्या, तेव्हा लास्लोच पुढं झाला आणि कुंपणाशी जमलेल्या सगळ्या जुन्या शर्यतवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एकाहत्तरची चाकं माझी होती. हिची नव्हती. हिला आत सोड, आणि कुणाला बाहेर काढायचं असेल तर मला काढ."

कुणीतरी कॉफीचा पेला खाली ठेवला. म्हाताऱ्यानं फाटक उघडलं, आणि एटेल ताठ मानेनं आत गेली.

तिनं चारी चाकांजवळ वाकून हात फिरवला, टायरांतली हवा पुन्हा एकदा मोजली आणि क्लारीच्या खिडकीवर टकटक केलं. "इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांवर गेला की गिअर टाक. घाई करू नकोस. गाडीला सुटायचं कळतं."

हिरवा दिवा लागला. प्लिमथ मागं बसली आणि झेपावली, धूर नाही, घसरणं नाही, सरळ रेषेत. एटेलनं दोन्ही मुठी छातीशी धरल्या होत्या, आणि गाडी पलीकडच्या टोकाला वेग मंदावून वळेपर्यंत तिनं श्वास घेतला नाही. फलकावर तेरा पूर्णांक नऊ सेकंद उमटले. शेजारून सुटलेल्या, तिच्या दुप्पट रुंद टायरांच्या गाडीला चौदा पूर्णांक सहा लागले होते.

लास्लो तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. देझ्यो आला नव्हता. येईल असं तिनं मानलंही नव्हतं, तरी एकदा तिची नजर फाटकाकडे जाऊन आली.

"एटेल," लास्लोनं खालच्या आवाजात विचारलं, "केलीस का क्षमा?"

"अजून नाही."

तो मान हलवून परत वळू लागला, तेव्हा तिनं त्याची बाही धरली.

"सोमवारी सातला ये. पाटीवाला येणार आहे, त्याला शिडी धरायला माणूस लागेल. दुकानाच्या पाटीवर माझं नाव चढायचंय."

"वर लिहायचं की खाली?" लास्लोनं विचारलं.

"वर," एटेल म्हणाली, आणि परत येणाऱ्या गाडीकडे चालू लागली.