रुमाल खाली येईपर्यंत

नावनोंदणीच्या रांगेत तो एकटाच कुत्र्याशिवाय उभा होता.

"कुत्रा?" मी वहीतून मान वर न काढता विचारलं.

"मागे लागलेले पुष्कळ आहेत... माझा असा एकही नाही."

वर बघितलं, तर आमच्या गल्लीतला नवा पोस्टमन. वस्तीतल्या कुत्र्यांच्या शर्यतीला मदतीची माणसं हवीत असं कळल्यावर तो रजा टाकून आला होता. एकदा तरी कुत्री आपल्यापासून लांब पळताना बघायची होती म्हणे.

शर्यत भरवणारी माझी मावशी जनावरांची डॉक्टर. तिने त्याला सुरुवातीच्या रेषेवर उभं केलं. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते म्हणून माझ्या हाती स्टॉपवॉच दिलं. कुत्री एकेक करून धावणार होती. एका हाताने पट्टा धरून त्याने दुसऱ्या हाताने लाल रुमाल उंच करायचा. रुमाल खाली आला की कुत्रा सुटणार आणि साठ मीटरवरून मी बटण दाबणार. म्हणजे त्याच्याकडे टक लावून बघणं हे दिवसभर माझं कामच होतं. एरवी अनोळखी माणसाशी बोलताना माझी नजर त्याच्या शर्टाच्या बटणापलीकडे जात नाही.

एक कुत्रा अर्ध्या वाटेत बसून राहिला. एक आजोबा चप्पल हलवून आपल्या कुत्रीला बोलावत होते; तिने चप्पल तोंडात धरली आणि थेट घर गाठलं.

दुपारी मालक कुरकुरू लागले. रुमाल वर जातो तो लवकर खालीच येत नाही, कुत्री उतावीळ होतात. मावशी माझ्याजवळ आली आणि तिची नजर वहीच्या समासावर गेली. रुमाल किती वेळ वर राहतो, तेही मी सवयीने टिपलं होतं. दोन सेकंद, दोन, तीन, पाच... शेवटचा आकडा नऊ.

"हात आखडला असेल गं त्याचा," मावशी म्हणाली. "पाण्याच्या बादल्या भरू दे त्याला. तिथे दुसऱ्या कुणाला तरी उभं करते."

बादल्या मैदानामागच्या भिंतीपलीकडे होत्या. तिथून काहीच दिसत नाही.

"आधी... कारण विचारून येते," मी म्हणाले.

साठ मीटर चालायला मला पाऊण मिनिट लागलं. वही त्याच्यापुढे धरली. आकडे वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"रुमाल वर असतो, तोवर तुम्ही माझ्याकडे बघता," तो म्हणाला. "खाली आला, की कुत्र्याकडे."

पट्ट्यातला कुत्रा आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होता. मी त्याच्या शर्टाच्या बटणाकडे.

"दोन सेकंदांच्या वर जाऊ नका," मी म्हणाले. "मावशी बादल्यांवर पाठवेल."

"आणि शर्यत संपल्यावर?"

"शर्यत संपल्यावर... वेळ मोजायचं काम माझ्याकडे नसेल."

उरलेली अकरा कुत्री रुमाल वर गेल्यावर बरोबर दोन सेकंदांनी सुटली.

बक्षिसं वाटून झाली, मैदान रिकामं झालं. मी घड्याळ मावशीला परत दिलं आणि मागे वळले. तो अजून सुरुवातीच्या रेषेवरच होता. हातात एकही पट्टा नव्हता. त्याने रुमाल उंच केला – आणि तसाच धरून ठेवला.

मी निघाले. शर्टाची बटणं दिसू लागली, तरी नजर खाली घेतली नाही.

मी शांतपणे चालत गेले होते, असं मला आजही वाटतं. पण घड्याळ मावशीकडे होतं. ती सांगते, चौदा सेकंद.