रिकाम्या मजल्याचा भार

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, तेही भरदुपारी.

जुन्या इमारती तपासून भक्कम करणं हे माझं काम. भुताखेतांना मी भीक घालत नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ठेकेदार आहे. त्याची लेक चिमी ज्या मुलींच्या शाळेत जाते, तिथला वरचा वर्ग तुळई खचल्यामुळे कित्येक वर्षं बंद होता. तो दुरुस्त करायला आम्हीच गेलो.

तुळईखाली जॅक लावला. त्याला काटा असतो. वर किती भार आहे ते दाखवतो. शाळेला सुट्टी होती. वरचं सामान काढलेलं, दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

दादा तुळईखाली लोखंडी पट्टी बसवत होता.

आणि काटा हलला...

थोडासा. मग आणखी थोडा.

"दादा, वर कोणी आहे का रे?"

"उंदीर असतील. तू गुपचूप काटा बघ."

डोंबलाचे उंदीर! काटा थांबत थांबत चढत होता... एकेकीने आत येऊन बसावं तसा.

वर पाऊल वाजत नव्हतं. बोलणं नाही. काही म्हणजे काहीच नाही.

तुळई करकरली...

"दादा, बाहेर ये! आधी बाहेर ये!"

तो माझ्यावर डाफरतच बाहेर आला. काटा बघितला आणि दोन पावलं मागे सरला.

मी धावत वर गेले. कुलूप काढलं.

वर्ग रिकामा. जमिनीवर सिमेंटची धूळ, तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही.

खालून दादा ओरडला, "उतरला गं काटा! एकदम उतरला!"

आम्ही जॅक बदलला, काटा बदलला. काम झाल्यावर वाळूची पोती रचून पाहिली. मजल्याने पूर्ण वर्गाच्या दुप्पट भार पेलला. मग मजला भक्कम असल्याची सही मीच दिली. वर्ग सुरू झाला.

परवा चिमी जेवताना म्हणाली, "आत्या, मला खालच्या वर्गात बसव ना. वर फार दाटी होते."

"अगं, मूठभर तर पोरी आहात तुम्ही!"

"आम्ही नाही गं. त्या दुसऱ्या. सरकतच नाहीत... आणि रोज एक नवीन येते."

दादाने ताट बाजूला सारलं.

शाळेत जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं, वर्ग बंद ठेवा. त्यांनी कारण विचारलं. काय सांगणार, कपाळ? सही माझीच.

चिमीला आम्ही घरी ठेवलंय.

बाकीच्या पोरी आजही वर गेल्या.