सोनीला उठवायचा खेळ

हर्षदाच्या हातातून रिमोट निसटला, फरशीवर आपटला, आणि टीव्हीच्या पडद्यावरच्या खेळातली इवलीशी मुलगी एका महाकाय प्राण्याच्या खांद्यावरून घसरत घसरत खोल दरीत कोसळली... तुळशी भाकरी थापायची सोडून पिठाच्या हातांनीच धावत आली. रिमोट उचलून तिने हर्षदाच्या मांडीवर ठेवला, तर हर्षदाने मान फिरवली.

"नको ठेवूस, मावशी. माझी बोटं मेली आता."

वीस वर्षांची पोर! नाशिकला चित्रकला शिकायला गेली होती, आणि तिथेच एक दिवस तिच्या हातातून कुंचला गळून पडला. हा आजार अंगातले स्नायू झिजवत नेतो, याला औषध नाही, असं डॉक्टरांनी तिच्या वडिलांना, धनेशला, बाजूला घेऊन सांगितलं. ती जव्हारच्या घरी परत आली, ती पलंगाला खिळण्यासाठीच. येताना हॉस्टेलातल्या मैत्रिणीने दिलेलं हे गेमचं यंत्र तेवढं सोबत आलं. त्यातला एकच खेळ ती खेळायची. ओसाड मुलूख, एक देऊळ, देवळातल्या शिळेवर निजवलेली मेलेली आई. मुलखात हिंडणारे डोंगराएवढे राक्षसी प्राणी एकेक करून पाडले की आई उठणार! पण प्रत्येक प्राणी पडला की लढणाऱ्या मुलीच्या अंगाचा थोडा थोडा भाग दगड होत जाई. असली सुंदर आणि उदास चित्रं आपल्याला कधीच काढता आली नसती, असं हर्षदा म्हणायची.

तुळशी ही हर्षदाच्या आईची, सोनीची, धाकटी बहीण. सोनी तापाने गेली तेव्हा हर्षदा रांगत होती. पोरीला परकी सावत्र आई नको, म्हणून माहेरच्या, पोशेऱ्याच्या वडीलधाऱ्यांनी सुतक फिटतं न फिटतं तोच तुळशीचं धनेशशी लग्न लावून दिलं. तिला शाळेत मास्तरीण व्हायचं होतं, त्याबद्दल कुणी तिला विचारलंही नाही. बहिणीच्या जागेवर टपूनच होती, असं मात्र आळीतल्या बायका बोलल्या, आणि ते ऐकतच हर्षदा मोठी झाली. धनेश सरकारी कचेरीत कारकून. अबोल माणूस, त्याने कधी कुणाचं तोंड धरलं नाही.

त्या दिवशी तुळशीने हात धुतले आणि पलंगाच्या कडेला बसली. "मला दाखव," ती म्हणाली. "बोटं माझी, डोकं तुझं."

सुरुवातीला तिच्याच्याने काही जमेना. मुलगी भिंतीवर आपटायची, पाण्यात पडायची. हर्षदा चिडायची, रडायची, पुन्हा सांगायची. वीज असेल तेवढा वेळ दोघी बसत. हळूहळू तुळशीच्या अंगठ्यांना तो खेळ उमगला. राक्षसाच्या लवेला धरून कसं वर चढायचं, त्याने अंग झाडलं की कसं चिकटून राहायचं, सगळं. पण तळ्याकाठी झोपलेला एक राक्षस समोर आला आणि तिचे हात थांबले. तो नुसता झोपला होता. पाठीवर त्याच्या गवत उगवलं होतं.

"याने कुणाचं काय बिघडवलंय गं? राहू दे ना याला."

हर्षदाच्या मनात वर्षानुवर्षं साचलेलं विष त्या क्षणी उसळून वर आलं. "तुला काय! तुला कुठे कुणाला उठवायचंय? आई मेली म्हणून तर तुला हे घर मिळालं."

तुळशीने रिमोट मांडीवर ठेवला. मग अगदी हळू, जणू स्वतःशीच, ती बोलली. "माझी बहीण होती ती. एका ताटात जेवायचो आम्ही. ती गेली, आणि मला हळद लावली. नव्या नवरीने रडायचं नसतं, म्हणाले. नंतर इथे रडले असते, तर ह्यांना वाटलं असतं मी सुखी नाही, आणि लोकांना वाटलं असतं नाटक करते... सोनीसाठी मला कुणी रडूच दिलं नाही, हर्षू."

हर्षदाला हात उचलता आला असता तर तिने मावशीच्या गळ्यात टाकला असता. तिचे डोळे तेवढे वाहत राहिले. तुळशीनेच ते पदराने पुसले. मग हर्षदाने विचारलं, "आई कशी होती?"

आजवर या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तुळशीला वाईट वाटेल म्हणून! त्या दुपारपासून तुळशी खेळता खेळता सोनीबद्दल सांगू लागली. सोनी झाडावर कशी सरसर चढायची, नागलीच्या भाकरीचा करपलेला पापुद्रा कसा पळवायची, खोटं बोलताना तिचं नाक कसं फुलायचं... हर्षदा हसायची, आणि हसता हसता तिला धाप लागायची. ती धाप दिवसेंदिवस वाढतच गेली.

भात कापणीच्या सुमारास शेवटचा राक्षस उरला. हर्षदाचा आवाज तोवर पुटपुटण्याइतकाच राहिला होता. तुळशी कान तिच्या ओठांजवळ नेऊन ऐके आणि बटणं दाबे. राक्षस पडला. देवळात आई उठून बसली, पायऱ्या उतरून बाहेर आली. दारात एक दगडाची मुलगी उभी होती. आईने तिला ओळखलं नाही. ती पुढे चालत गेली.

दोघी पडदा काळा होईपर्यंत बघत राहिल्या.

"मावशी," हर्षदा कष्टाने म्हणाली, "मी आईकडेच बघत राहिले गं. लढणारीकडे कुणी बघितलंच नाही... मी गेले की तुझं कोण?"

तुळशीने तिचे थंड हात आपल्या हातांत घेतले आणि चोळत राहिली. दारात उभ्या असलेल्या धनेशने ते शब्द ऐकले, आणि नेहमीसारखाच काही न बोलता तो आत निघून गेला.

दिवाळीआधीच हर्षदा गेली.

भेटायला माणसं आली. पोशेऱ्याची आली, आळीतली आली. जो तो धनेशच्या खांद्यावर हात ठेवी, एवढी मोठी लेक गेली म्हणून हळहळे. बायका सोनीची आठवण काढून रडत होत्या. तुळशी आत-बाहेर करत सगळ्यांना पाणी देत होती. ती सावत्र, तिच्याजवळ कोण बसणार!

धनेशने हातातला पेला खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तो भरल्या घरात मोठ्याने बोलला.

"लेक हिची गेलीय. आणि बहीणसुद्धा हिचीच गेली होती. हिच्याजवळ बसा."

मग आळीतली म्हातारी रखमीआत्या उठली, तिने तुळशीच्या हातातला तांब्या काढून घेतला, तिला भिंतीशी बसवलं. एकेक करत बायका तिच्याभोवती सरकल्या. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी म्हणालं, रड बाई, मोकळी हो.

तुळशीने रडायला तोंड उघडलं. पण इतक्या वर्षांचं रडू... सुरुवात कुणापासून करायची, हेच तिला उमगेना.