हुसेनमियाँमामाचा एक्झिट

माझा मामा हुसेनमियाँ जेद्द्यात वारला. दुपारीच दफन झालं.

आता हे वाचलंच नाही असं समजा. कारण त्या दिवशी मलाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

घटना खरी आहे. मी खोटं फक्त कफीलशी, म्हणजे तिथल्या अरब मालकाशी बोलतो.

जानेवारी १९९१. रियाधवर इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडायला लागली तसा मी अल मलाझमधली खोली सोडून बसने जेद्द्याला आलो. रात्री मुंबईचं विमान होतं. मामाने आधीच फोनवर बजावलं होतं, "असरच्या नमाजनंतर बलदला, जुन्या बाजारात ये. तुला शहर पायी दाखवतो."

बाब मक्काच्या कमानीपाशी तो उभा होता.

"राहील, गळ्यात काय ते?"

"गॅस मास्क."

"काढ. बैलाचं मुसकं वाटतंय."

आम्ही चालू लागलो. मामाला दमा. एरवी गल्लीगणिक बसायचा. आज थांबेचना…

बाजार तुडुंब. अत्तरवाले, चादरीवाले, सोनार. मी धक्के खात होतो. मामाला एकही लागत नव्हता…

मला वाटलं, सराव असेल.

टपरीवर दोन चहा सांगितले. येमेनी चहावाल्याने दोन्ही माझ्यासमोर ठेवले…

मला वाटलं, मी फारच थकलेला दिसतोय.

मग समोरून जावाच्या यात्रेकरूंचा घोळका आला. सगळ्यांचे रुमाल एकाच रंगाचे, एकमेकांचे हात घट्ट धरलेले. मी भिंतीला चिकटलो. मामा मधोमध उभा राहिला.

घोळका सरळ गेला. हात कुणीच सोडले नाहीत…

मामा तिथेच होता.

आता मात्र मला काहीच वाटेना.

"मामा, पासपोर्ट मिळाला?" विचारायचं म्हणून विचारलं.

"कफील लढाईला घाबरून ताइफला पळाला. पासपोर्ट त्याच्या कपाटात. त्याच्या सहीशिवाय देश सोडायचा एक्झिट-शिक्का कोण देणार?"

"मामीला काय सांगू?"

त्याने वरच्या लाकडी सज्ज्यांकडे पाहिलं.

"येतोय म्हणून सांग."

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली. दुकानांवर भराभर चादरी पडल्या. गल्ली ओस.

चपलांचा आवाज येत होता… एकाच माणसाच्या.

माझ्या.

वळून पाहिलं. मामा नव्हता.

मी धावत त्याच्या खोलीवर गेलो. त्याच्याबरोबर राहणाऱ्या रहमतुल्लाने दार उघडलं.

"आत्ता येतोस? दुपारी जुहरच्या नमाजनंतर मातीला दिला रे मामाला. सकाळपासून तुला फोन लावतोय, रियाधची लाइनच मिळेना."

"आत्ता माझ्याबरोबर बलदमध्ये होता."

"राहील, आजच्या दिवस तरी चेष्टा नको."

गावी श्रीवर्धनला पोचलो तेव्हा मामा गेल्याची तार अजून यायची होती. शरफुन्निसा मामी दारातच होती.

"भेटले का रे?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

मी बॅग खाली ठेवली.

"येतोय म्हणाले."

तार दुसऱ्या दिवशी आली. मामीने ती दोनदा वाचून घेतली. मग मला विचारलं, "तुला तर येतोय म्हणाले ना?"

ती रडली नाही. अजून दोघांचा भात टाकते.

लढाई संपली. रहमतुल्ला फोनवर सांगतो, असरनंतर बाब मक्कापाशी कुणीतरी आपल्या बोलीत विचारतं, "कफील आला का?"

आता तो चेष्टा करत नाहीये, हे मला कळतं.

म्हणून हे लिहिलं. संबंधितांनी नोंद घ्यावी:

विषय : फायनल एक्झिट मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार हुसेनमियाँ, सध्या मुक्काम कब्रस्तान, जेद्दा, यांची आपल्या देशातील नोकरी संपुष्टात आली आहे. कफील गैरहजर. सबब, त्यांच्या सहीविना अर्जदारास घरी जाऊ द्यावे. विमानाचे तिकीट नको. अर्जदार पायी येण्यास तयार आहेत.