मागचं दार

खोटं वाटत असेल, तर तिसगावला जाऊन हनुमंतमामाचं घर बघा. मागच्या दाराच्या जागी आता विटा आहेत. मामा माझ्या आईचा चुलतभाऊ. शपथ घेऊन थापा मारणारा माणूस नव्हे.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. भर दुपारची.

आधी आबासाहेबांबद्दल सांगतो. ते भुसार मालाचे व्यापारी. तीन वर्षांपूर्वी ऊसतोडवाल्यांनी संप केला, तेव्हा दुकान सोडून हे पुढारी झाले. गळ्यात शिट्टी. लोक त्यांना 'जनरल' म्हणायचे.

सगळ्यांचे कोयते त्यांनी स्वतःच्या गोदामात ठेवून घेतले.

"उचलू तर समदे मिळून. न्हाईतर कुनीच न्हाई!"

पुढच्या दाराला राखणीला मामा बसला. अकरा दिवस, अकरा रात्री.

आणि जनरलनी आतून फॅक्टरीशी सूत जमवलं. बाराव्या पहाटे गोदामाच्या मागच्या दाराने कोयते काढले, दोन टोळ्या ट्रकमध्ये भरल्या. त्यात मामाचा धाकटा भाऊ भिमाजी होता. 'दादाला सांगायचं न्हाई,' अशी जनरलची ताकीद.

ट्रक घाटात उलटला. भिमाजी गेला. कुंपणानेच शेत खाल्लं.

आबासाहेब गुमान परत दुकानात बसले. गेल्या खंडेनवमीच्या आधीच्या उन्हाळ्यात तेही वारले. गोदामाला कुलूप लागलं.

भिमाजीचा कोयता तेवढा घरी आला. त्याची आई बायडाबाई दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लावते. तिला दिसत नाही, चाचपून लावते.

त्या दुपारी मामा गोदामावरून चालला होता.

आणि…

शिट्टी वाजली.

आतून.

कुलूप तसंच. गंजलेलं.

मग कोयत्यावर कानस फिरल्याचा आवाज. खर्र… खर्र…

"हनुमंता… बस की जरा. चुकलं माझं. समदं सांगतो."

आबासाहेबांचाच आवाज!

मामाने पळायला हवं होतं. पण 'चुकलं' एवढं ऐकायला तो दोन वर्षं जळत होता. तो पायरीवर बसला. त्याच जागी.

"माझ्या भावाला का नेलंत, आबासाहेब?"

"सांगतो…"

खर्र… खर्र…

"सांगा की!"

"सांगतो… तू फकस्त हितनं हलू नको."

मामा ताडकन उठला. अकरा दिवस त्याने हेच वाक्य ऐकलं होतं.

तो घराकडे धावत सुटला.

मागचं दार सताड उघडं. देवापाशी कोयता नव्हता. पाटावर नुसती ओली हळद.

बायडाबाई भिंतीला टेकून रडत होती. हसतही होती.

"भिमाजी आलता रं. पाया पडला. लई गार हात त्येचं…"

"मला हाक का न्हाई मारली, आई?"

"म्या म्हनलं त्येला, दादाला भेटून जा. तर म्हनला, जनरलनी सांगितलंय, दादाला कळू देऊ नको. त्येला फुडच्या दाराला बसीवलंय."

कोयता अजून सापडलेला नाही. मामाने दुसऱ्याच दिवशी विटा लावल्या.

तेव्हापासून बायडाबाई त्याच्याशी धड बोलत नाही. एवढंच विचारते, "आता माझा भिमाजी कुठनं येईल?"

यंदाची खंडेनवमी तोंडावर आली आहे. काल मामाचा फोन आला. विटा काढू का, विचारत होता.